विलोची टोपली महिन्याभरात सैल का पडते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ आयर्लंडमधल्या काउंटी क्लेअरमध्ये राहतात, मूळचे भंडारा जिल्ह्यातले, लहानपणी बुरूडकाम अगदी जवळून पाहिलेले. डिसेंबरात त्यांनी घरामागच्या ओढ्याकाठची विलो कापली आणि त्याच आठवड्यात व्हिडिओ बघून गोल टोपली विणायला घेतली. तळ झाल्यावर फोक, म्हणजे विलोच्या लांब सरळ काड्या, वर वळवताना आठ-दहा मोडले, तरी नेटाने टोपली पुरी केली. छान घट्ट झाली होती. पण जानेवारी संपेपर्यंत ती इतकी सैल पडली की उचलली की कुरकुरते आणि विणीच्या ओळी बोटाने वरखाली सरकतात. ते म्हणतात, बांबू तर ओलाच चिरतात आणि ओलाच विणतात, मग विलो ओली का चालू नये? शिवाय मेयो परगण्यातल्या संग्रहालयात पाहिलेली, टर्फ (दलदलीतून कापून वाळवलेलं मातीसारखं जळण) वाहायची पाठीवरची टोपली त्यांना करायची आहे. तिच्याआधी कुठल्या सोप्या टोपलीवर हात बसवावा, असंही विचारलं आहे.

तुमच्या हातात दोष नाही, हे आधी सांगते. विणताना टोपली घट्ट होती हे तुम्हीच लिहिलंय. जे बिघडलं ते विणायला बसण्याआधीच बिघडलं होतं. फोक मोडले त्याचं कारण मात्र वेगळं आहे. तुम्ही जो प्रकार निवडलात त्यात फोकाचा सगळ्यांत जाड आणि ताठ भाग काटकोनात वाकवावा लागतो. म्हणजे दुखणी दोन आहेत आणि औषधंही दोन. तिसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर तुम्हाला कदाचित उलटं वाटेल: ती पाठीवरची टोपलीच आधी करा.

मी पश्चिम गॉलवेमध्ये एकोणीस वर्षं राहते. त्यातली सोळा वर्षं विलो लावते, कापते, विणते आणि हिवाळ्यात शिकवते. मी जे सांगणार आहे ते या ओल्या, वाऱ्याच्या किनाऱ्यावरचं आहे. तुमची शेड जास्त कोरडी असेल किंवा झाड वेगळ्या जातीचं असेल तर दिवसांचे आकडे पुढेमागे होतील. कारणं तीच राहतील, म्हणून कारणांवरच मी जास्त वेळ घालवते.

आधी झाडाचं बघू. विलो म्हटलं की आपल्याकडे क्रिकेटची बॅट आठवते, पण बॅटचं झाड पांढऱ्या विलोचा एक उंच वाढणारा प्रकार आहे. सह्याद्रीत ओढ्यांच्या काठी वाळुंज दिसतो, तोही याच घराण्यातला. इथे खेड्यात सगळ्या विलोंना सरसकट ‘सॅली’ म्हणतात. तो शब्द आयरिशमधल्या ‘सालीख’शी जुळणारा आहे. ओढ्याकाठी, बांधावर आपोआप उगवलेली असते ती बहुतेक करडी विलो किंवा शेळी विलो. पानं रुंद, फांद्या फुटलेल्या, आतला भेंडा जाड. तिचीही टोपली होते आणि अडल्यानडल्या घरांत झालेल्या आहेत. पण मुद्दाम विणकामासाठी जोपासतात त्या जाती प्रामुख्याने तीन. लांब अरुंद पानांची, झपाट्याने उंच जाणारी व्हिमिनालिस. बदामासारख्या पानाची, एकसारखी विणली जाणारी ट्रायांड्रा. आणि बारीक, चिवट, कडू सालीची पर्प्युरिया. तुमची कुठली आहे ते मला इथून सांगता येणार नाही. पण जात कुठलीही असो, विणायला घ्यायचा तो यंदाच्या एका हंगामात वाढलेला, सरळसोट, आडव्या फांद्या न फुटलेला फोक. आधी कधीच न छाटलेल्या झाडावर असे फोक थोडेच मिळतात. तुम्ही लिहिलंय की काहींना गाठी होत्या. ते दोन वर्षांचे असणार. ते उभे रोवायला चालतात, विणीत घालू नका.

आता पाण्याचं. ताज्या कापलेल्या फोकाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असतं. फोक वाळतो तेव्हा लांबीला फारसा कमी होत नाही, जाडीला होतो. तुमच्या टोपलीत चाळीस ओळी असतील आणि फोक पेन्सिलीएवढा, म्हणजे साधारण सहा-सात मिलिमीटर जाड असेल, तर प्रत्येक फोक अर्धा मिलिमीटर जरी बारीक झाला तरी चाळीस ओळींत दोन सेंटिमीटरची पोकळी झाली. उभे फोकही बारीक होतात, ते वेगळंच. ही पोकळी एका जागी दिसत नाही, सगळीकडे थोडी थोडी वाटली जाते. म्हणून टोपली मोडल्यासारखी दिसत नाही, नुसती कुरकुरते. एकदा वाळली की काठ न सोडवता ती पुन्हा घट्ट करायची सोय नाही. ओळी खाली ठोकून वर दोन-चार ओळी भरता आल्या असत्या, पण तुम्ही काठ आधीच बांधून टाकला आहे.

बांबूचा तुमचा मुद्दा मात्र बरोबर आहे आणि त्यामुळेच मला हा प्रश्न आवडला. बुरूड बांबू ओला चिरतो, कारण वाळलेला बांबू धड चिरला जात नाही. पण तो विणतो ती चिरलेली, तासलेली पातळ कामटी असते. तिच्या सगळ्या बाजू उघड्या असल्यामुळे ती विणता विणताच बरीच वाळते, आणि मुळात पातळ असल्याने आकसते तेही थोडंच. विलोचा फोक आख्खा असतो. गोल, भोवती साल, आत भेंडा. ती साल पाणी आठवडेच्या आठवडे आत धरून ठेवते. तुमच्याकडची तुलनाच करायची तर बांबूपेक्षा निर्गुडीच्या फोकांची किंवा तुराट्यांची टोपली जवळची. तिथेही आख्खी काडीच विणतात. मीही चिपळूणकडची. आजीची तांदूळ धुवायची रोवळी बघत मोठी झाले, आणि इथे आल्यावर पहिली दोन वर्षं विलोला बांबूसारखंच वागवायला गेले. माझी पहिली टोपलीही अशीच सैल झाली होती.

मग करायचं काय? दोन वाटा आहेत.

पहिली वाट इथल्या शेतकऱ्यांची: अर्धवट वाळलेला फोक. पानं गळून गेल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत कधीही कापायचं. जुड्या बांधून उत्तरेच्या भिंतीला किंवा उघड्या छपराखाली उभ्या करायच्या. वारा लागला पाहिजे, ऊन आणि पाऊस नको. माझ्याकडे चार ते सहा आठवडे लागतात. जानेवारीत आठवडाभर पूर्वेचा कोरडा वारा सुटला तर तीनच. दिवस मोजण्यापेक्षा फोक हातात घेऊन बघा. ताज्या फोकाची साल ताणलेली, चकचकीत असते. तयार फोकाच्या सालीवर अगदी बारीक उभ्या सुरकुत्या धरतात आणि जुडी उचलताना हलकी लागते. बुडख्याकडचा भाग हळू वाकवला तर तो वाकतो, पण ताज्यासारखा सटकन मागे उडत नाही. या टप्प्यावर त्याचं आकसणं बरंचसं होऊन गेलेलं असतं आणि लवचीकपणा अजून शिल्लक असतो. फोक भिजवायची गरजच नाही. ही खिडकी साधारण दोन आठवडे उघडी राहते. ती हुकली की साल कडक होते आणि दुसऱ्या वाटेने जावं लागतं.

दुसरी वाट म्हणजे पूर्ण वाळवून परत भिजवायची. साल असलेले फोक चांगले काही महिने वाळू द्यायचे आणि विणायच्या आधी गार पाण्यात बुडवायचे. ठोकताळा असा: फुटाला एक दिवस. पाच फुटी फोकाला पाच दिवस, थंडी कडक असेल तर सहा-सात. बाहेर काढल्यावर लगेच विणायला बसू नका. पाणी निथळू द्या आणि रात्रभर ओल्या गोधडीत किंवा जुन्या घोंगडीत गुंडाळून ठेवा, म्हणजे वरचं पाणी आतपर्यंत पोचून सगळीकडे सारखं होतं. जास्त दिवस बुडवून ठेवलं तर साल बुळबुळीत होऊन हातात सुटते. परत भिजवलेला फोक ताज्याइतका फुगत नाही, म्हणून विणून वाळल्यावर फारसा आकसतही नाही. या वाटेत सगळा फायदा एवढाच आहे, पण मोठा आहे. दुकानातून विकत घेतलेली साल सोललेली पांढरी विलो, किंवा सालीसकट उकडून मग सोललेली तांबूस विलो, यांना साल नसल्यामुळे तास-दोन तास पुरतात. भिजवायला घरचं न्हाणीघरातलं टब वापरू नका. सालीतल्या टॅनिनचे तपकिरी डाग पडतात आणि ते निघत नाहीत. मी गुरांना पाणी पाजायची जुनी पत्र्याची डोण वापरते, वर दगड ठेवून.

तुमच्यासाठी यंदा पहिली वाट. डिसेंबरात कापलेल्यातले फोक उरले असतील आणि सावलीत असतील तर ते आत्ता नेमके तयार झाले असतील. आज संध्याकाळी एक वाकवून बघा.

विणायच्या आधी अजून एक काम आहे. नवीन माणसं ते टाळतात आणि मग पस्तावतात: निवड. एक खोल पिंप घ्या. त्यात सगळे फोक बुडखा खाली करून उभे करा. आता वरून हात घालून सगळ्यांत उंच मूठभर काढा, बाजूला ठेवा. मग त्याखालचे. असे चार-पाच ढीग होतील. मग प्रत्येक ढिगातले जाड आणि बारीक वेगळे करा. मला एका टोपलीच्या निवडीला दीड-दोन तास लागतात आणि विणायला पाच-सहा. ज्या टोपलीची वीण डोळ्यांना शांत वाटते, तिच्यात एका ओळीतले फोक एका जाडीचे असतात. हातचलाखी त्यात थोडीच असते. उभे फोक विणीच्या फोकांपेक्षा नेहमी जाड हवेत. उलटं झालं तर विणीचा फोक उभ्यालाच वाकवतो आणि टोपलीची बाजू लाटेसारखी होते.

आता मोडण्याचं. तुम्ही केलेली टोपली म्हणजे तळापासून सुरू होणारा प्रकार. आधी गोल तळ विणायचा, त्यात उभे फोक बुडख्याकडून खुपसायचे आणि मग ते सगळे एकदम वर वळवायचे. ही पद्धत इथे शहरातल्या आणि कारखान्यातल्या कारागिरांची. पश्चिम गॉलवेच्या कॉनेमारा भागातल्या लेटरफ्रॅक गावात सोफिया स्टर्ज या क्वेकर ख्रिस्ती पंथाच्या इंग्लिश बाईंनी १८८८ मध्ये गरिबीने पिचलेल्या घरांतल्या मुलींना काम मिळावं म्हणून टोपल्यांचा उद्योग काढला, तोही विकायच्या मालाचा होता. ही पद्धत देखणी आहे, तिच्यात हवा तो आकार साधता येतो, पण ती शिकायला उमेदवारी करावी लागे. कारण काटकोनातली ती घडी बुडख्यावर पडते. बुडखा हा फोकाचा सगळ्यांत जाड, सगळ्यांत जुना भाग. त्यावर सुरीचं टोक टोचून, सुरी फिरवत घडी घालायची हातोटी यायला वेळ लागतो. तुमचे फोक तिथेच मोडले.

खेड्यातला शेतकरी टोपली विकायला करत नव्हता. त्याला टर्फ वाहायचं होतं, खतासाठी समुद्री शेवाळ वाहायचं होतं, बटाटे आणायचे होते. त्याने वेगळी वाट काढली: टोपली उलटी विणायची, तोंड खाली आणि तळ सर्वांत शेवटी. उभ्या फोकांचे बुडखे जमिनीत. म्हणजे जाड टोक वाकवायचा प्रश्नच येत नाही. तळासाठी जे वाकतं ते फोकाचं वरचं, शेंड्याकडचं बारीक अंग. मऊ जमीन हाच साचा झाला. उभे फोक जागचे हलत नाहीत, दोन्ही हात विणायला मोकळे. आणि ज्या फोकांची बाजू झाली त्यांचाच तळ होतो. वेगळा तळ जोडलेला नसल्यामुळे ओल्या शेवाळाच्या वजनाने तो सुटून पडायची भीती नाही. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा त्या म्हाताऱ्या शेजाऱ्याला ते पुन्हा पुन्हा करून दाखवायला लावलं. त्यांना त्यात विशेष काही वाटत नव्हतं. त्यांनी वडिलांना असंच करताना पाहिलं होतं.

या टोपलीला आयरिशमध्ये ‘क्लीव’ म्हणतात. गाढवावर दोन बाजूंना दोन लटकवत, किंवा एक माणसाच्या पाठीवर, दोर छातीवरून घेऊन. मी ती कशी करते ते सांगते. आकडे माझे आहेत, गावागणिक बदलतात.

मऊ गवताळ जागा बघा, खाली दगड नको. वीस इंच बाय पंधरा इंचांचा चौकोन आखा, कोपरे किंचित गोल. लांब बाजूंना दहा-दहा, आखूड बाजूंना सहा-सहा असे बत्तीस उभे फोक, करंगळीएवढे जाड आणि सहा फूट लांब. कोपऱ्यातले जरा जास्त दणकट निवडा. पहारीने किंवा जाड सळईने आधी भोकं पाडून चार-पाच इंच खोल रोवा. सगळे वर एका दोरीने सैल बांधून घ्या, नाहीतर वाऱ्यात एकेक डोळ्यात जायला बघतो.

मग जमिनीला टेकून पहिली ओळ. ही टोपलीचा काठ होणार, म्हणून तिच्यावर सगळा भार. तीन फोक घ्यायचे. पहिला दोन उभ्यांच्या पुढून नेऊन एकाच्या मागून काढायचा, मग दुसरा तसाच, मग तिसरा, पुन्हा पहिला. दोरखंडासारखी जाड ओळ तयार होते. तिला ‘बुइन्ये’ म्हणतात. ती दोनदा फिरवा आणि प्रत्येक वेळी फोक तुमच्याकडे ओढून खाली दाबा. इथे घाई केली तर टोपली उपटल्यावर काठ उकलतो आणि ते दुरुस्त होत नाही. त्यानंतर साधी वीण: एक फोक, एका उभ्याच्या पुढून, पुढच्याच्या मागून. एका ओळीत बुडख्यापासून सुरू केलं तर दुसऱ्यात शेंड्यापासून, म्हणजे एक बाजू उंच आणि एक ठेंगणी होत नाही. दर तीन-चार ओळींनी लाकडाच्या ठोकळ्याने खाली ठोका. आवाज ऐका. सुरुवातीला पोकळ येतो, बसली की ठाम येतो.

सहा-सात इंच उंची झाली की थांबा आणि तीन-चार इंच उभे फोक नुसते उघडे सोडा. संग्रहालयातल्या टोपलीत बाजूला जी जाळीसारखी मोकळी पट्टी दिसली असेल ती हीच. फोक वाचतात, रिकाम्या टोपलीचं वजन कमी होतं, उचलायला बोटं आत जातात. तिच्या वरून पुन्हा एक बुइन्ये घालायची. ही ओळ हवेत घालायची असते, खाली टेकू नाही, म्हणून पहिल्या खेपेस कोणाला तरी पलीकडून धरायला बोलवा. वर पुन्हा पाच-सहा इंच वीण, शेवटी एक घट्ट बुइन्ये.

आता तळ. दोरी सोडा. लांब बाजूचा एक उभा फोक घ्या. जिथे वाकवायचा तिथे दोन्ही हातांनी धरून आधी पिळा, चिंध्यांची दोरी वळतो तसा, म्हणजे आतले धागे एकमेकांपासून सुटतात. साल किंचित करकरते. तो आवाज आला की मग वाकवा. न पिळता वाकवला तर तुमच्या गोल टोपलीत झालं तेच होईल. समोरासमोरचे फोक एकमेकांकडे आणा, दोघांना एकमेकांभोवती एक-दोन वेढे द्या आणि प्रत्येकाचा शेंडा समोरच्या बाजूच्या विणीत, उभ्याच्या शेजारी खोल खुपसा. दहाच्या दहा जोड्या झाल्या की आखूड बाजूंचे फोक त्यांच्यामधून खालून-वरून विणत न्या. कुठे भोक मोठं राहिलं तर उरलेला एखादा बारीक फोक घाला. टर्फची वीट पडणार नाही एवढंच बघायचं. त्यावर एक फळी ठेवून वर दोन दगड ठेवा आणि रात्रभर सोडा.

सकाळी दगड काढा, काठाखाली दोन्ही हात घाला आणि हलवत हलवत उपटा. माती चिकटलेल्या बत्तीस बुडख्यांसकट टोपली वर येते. उलटी करा, म्हणजे सुलटी होते. बुडखे बुइन्येच्या वर बोटभर ठेवून तिरके छाटा. अगदी लगत छाटलेत तर काठाची ओळ निसटते. हत्यारं लागली ती एवढीच: पहार किंवा सळई, छाटणीची कात्री, धारदार सुरी, ठोकळा.

म्हणून ही टोपली आधी करा म्हणते. दिसायला राकट आणि मोठी, पण नवशिक्याच्या चुका ती पोटात घालते. फोक थोडे जाडबारीक असले तरी चालतात, अर्धवट वाळलेला माल तिला मानवतो आणि अवघड वळण तिच्यात नाही. गोल टोपली पुढच्या हिवाळ्यात.

संग्रहालयात पुन्हा गेलात तर आणखी दोन प्रकार शोधा. तुमचं संग्रहालय म्हणजे कॅसलबारजवळच्या टर्लो पार्कमधलं, २००१ मध्ये उघडलेलं, राष्ट्रीय संग्रहालयाचं ग्रामजीवन दालन. माझ्या तिथे कितीतरी खेपा झाल्यात. एक ‘पारडोग’: गाढवाच्या दोन बाजूंच्या टोपल्या, तळाला दारासारखी उघडणारी झडप. शेतात पोचलं की काठी ओढायची, खत किंवा शेवाळ आपोआप खाली. दोन्हीकडच्या झडपा एकदम उघडाव्या लागतात, नाहीतर एका बाजूच्या ओझ्याने खोगीर फिरतं. दुसरी ‘स्किब’, उथळ आणि गोल. उकडलेले बटाटे दारात तिच्यात ओतायचे, पाणी निथळलं की तीच टोपली रिकाम्या पातेल्यावर ठेवायची आणि घरची सगळी तिच्याभोवती बसून जेवायची. मीठ आणि ताक मध्ये. आजीच्या रोवळीने मला निथळण्याचं काम शिकवलं होतं, पण जेवणाचं ताटही तीच, हे मी इथे पाहिलं. स्किबसमोर उभी राहिले की मला त्या घरातली माणसं मोजावीशी वाटतात. १८४५ नंतर रोगाने बटाटा काळा पडत गेला आणि दुष्काळ आला, तेव्हा अशा किती टोपल्या रिकाम्या राहिल्या असतील.

ही विद्या इथे फार जुनी आहे. मीथ परगण्यात क्लोअन्सटाउनला महामार्गाच्या कामात काड्यांच्या विणलेल्या, मासे धरायच्या टोपल्या सापडल्या. त्या सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या, म्हणजे आयर्लंडमध्ये शेती सुरू व्हायच्या आधीच्या. इतकं टिकलेलं काम प्लॅस्टिकच्या बादल्या आणि खताच्या पिशव्या आल्यावर एका पिढीत मागे पडलं. जो होगन १९७८ पासून गॉलवेमधल्या लॉख ना फूईच्या काठी विलो लावून विणतात. त्यांनी खेड्यातले हे प्रकार करून, लिहून ठेवले, म्हणून माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या बाईलाही ते शिकता आले. माझे ते शेजारी आता नाहीत. त्यांची क्लीव माझ्या शेडमध्ये टांगलेली आहे आणि उभ्यांची संख्या विसरले की मी अजून तीच मोजते.

थोडं कायद्याचं, कारण तुम्ही ओढ्याकाठची विलो कापली आहे. इथे १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात कुंपणाची, बांधावरची झाडंझुडपं कापायला मनाई आहे, कारण तेव्हा पक्षी घरटी करतात. विलोचा हंगाम त्याआधीच संपतो, त्यामुळे अडचण येत नाही. फक्त मार्चमध्ये ‘अजून थोडे फोक घेऊ’ असं करू नका. डोळे फुगलेले फोक तसेही विणायला वाईट, साल सुटते. आणि ओढ्याची ती बाजू शेजारच्या शेतकऱ्याची असेल तर विचारून घ्या. मला आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. उलट एकदोघांनी त्यांच्या आजोबांच्या जुन्या सॅलीच्या वाफ्याकडे नेलं. घराजवळच्या ओल्या कोपऱ्यात लावलेला असा वाफा पूर्वी बऱ्याच घरांचा असे.

आणि शक्य असेल तर स्वतःचा वाफा लावाच. तुमच्या परसात चार मीटर बाय तीन मीटरची जागा निघाली तरी वर्षाला दोन-तीन टोपल्यांचे फोक मिळतील. पेन्सिलीपेक्षा जरा जाड फोकाचे वीतभर-सव्वा वीत तुकडे करा, डोळे वरच्या दिशेने ठेवून दोन तृतीयांश जमिनीत ढकला. ओळीत एक फूट, दोन ओळींत दोन फूट. पाणी घालायची इथे गरज पडत नाही. शत्रू एकच: गवत. पहिल्या वर्षी गवताने गिळलं तर झाड खुरटतं आणि पुढे कधी सावरत नाही. मी ओळींमध्ये काळं प्लॅस्टिक अंथरते. काहींना ते आवडत नाही, ते जाड पुठ्ठा आणि वर भुसा टाकतात. तोही चालतो, पण दरवर्षी नवा लागतो. ससे असतील तर जाळी. पहिल्या हिवाळ्यात फोक कमी आणि वाकडे असले तरी जमिनीलगत छाटाच. तिसऱ्या वर्षापासून सरळ फोकांचं झुंबड पीक येतं. मग दर हिवाळी कापणी.

तयार टोपलीबद्दल एक सांगायचं राहिलं. घरात रेडिएटरजवळ ठेवू नका. तिथे ती इतकी वाळते की फोक काचेसारखे तुटतात. वर्षातून दोनदा एखाद्या दमट दिवशी तासभर पावसात ठेवा आणि मग वाऱ्यावर सुकवा.

तुमची ती सैल गोल टोपली टाकू नका. काठ सोडवता आला तर सोडवा, ओळी ठोकून खाली बसवा, वर मावतील तेवढ्या ओळी अर्धवट वाळलेल्या फोकांनी भरा आणि काठ पुन्हा बांधा. बांधायला उभ्यांची टोकं आखूड पडली तर त्यांच्या शेजारी नवे फोक खुपसून घ्या. जमलं नाही तर कांदे ठेवायला वापरा. हवा खेळती लागते, सैल वीण बरी. आणि डिसेंबरातल्या जुडीत अजून हिरवे, जिवंत डोळ्यांचे फोक शिल्लक असतील तर त्यातले सरळ, जाड असे साठ तुकडे आजच करून बादलीभर पाण्यात उभे करा. फेब्रुवारी संपायच्या आत ते जमिनीत गेले पाहिजेत.